भुताकडे न बघणाऱ्या मावशी

भुताच्या सिनेमात मावशी भुताकडे कधीच बघायच्या नाहीत. पडद्यावर थडगं फुटत असायचं, बाईचे डोळे पांढरे होत असायचे, जिन्यावरून रक्त वाहत असायचं, आणि मावशी चष्मा नाकावर पुढे सरकवून मागच्या अंगणातल्या कोंबडीकडे बघत असायच्या. "थांब, मागे घे," म्हणायच्या. मी मागे घ्यायचो. "अजून मागे. हां. ही बघ, हिचा पाय बांधलेला आहे." तोवर मी तो प्रसंग तीनदा बघितलेला असायचा आणि त्यात कोंबडी आहे हेच मला माहीत नसायचं.

हे आमचं कामच होतं. जर्सी सिटीतली आमची कंपनी अगदी छोटी. जगभरातले जुने भयपट घ्यायचे, त्यांची प्रत स्वच्छ करायची, खाली इंग्रजी अक्षरं घालायची आणि वेगवेगळ्या देशांत दाखवायला पाठवायची. मी तिथे फाइल्स आणि कागदपत्रं सांभाळतो. अमेरिकेत सिनेमाला सरकारी सेन्सॉर नाही, त्यामुळे इथे आम्हाला फारसं कुणी अडवत नाही. पण तोच सिनेमा ब्रिटनला पाठवायचा म्हटला की तिथला एक जुना कायदा आडवा येतो. माणसाचं मुंडकं उडालं तर ते रबराचं असतं, त्याचं काही नाही. चित्रीकरणासाठी जनावराला खरोखर छळलेलं असेल तर मात्र तेवढा तुकडा कापल्याशिवाय सिनेमा दाखवता येत नाही. जुन्या स्वस्तातल्या भयपटांत रबराचं जनावर कुणाला परवडणार? तिथे सगळं खरंच असायचं. कुठलं किती खरं, हे सांगणारं माणूस आम्हाला हवं होतं. ते माणूस म्हणजे मावशी.

मावशी नागपूरकडच्या. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. यजमान गेल्यावर लेकीने त्यांना जर्सी सिटीला आणलं, एकोणिसाव्या मजल्यावर. "खिडकीत बसून नातवाच्या शाळेची बस येते का ते पाहायचं. किती दिवस पाहीन? त्यापेक्षा भुतं बरी," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आम्हा दोघातिघा मराठी माणसांचं ऐकून ऑफिसातले अमेरिकनही त्यांना 'माउशी' म्हणू लागले. आमचे मालक केव्हिन यांना तर कित्येक महिने ते त्यांचं नावच वाटत होतं. 'माउशी सेज नो' असं केव्हिन म्हणाले की मग त्या तुकड्याची चर्चा संपायची.

त्या पहिल्यांदा सिनेमा बघायच्या तो आवाज बंद करून. "आवाज मागाहून चिकटवतात. कुत्रं शेपूट हलवून राहिलं असतं आणि वरून गुरगुरणं टाकतात. लोक घाबरतात. तू आवाज बंद कर आणि कानाकडे बघ." घोड्याची नाकपुडी, बकरीच्या पोटाचं खालीवर होणं, सशाचा थिजलेला डोळा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. एकदा एका सिनेमात लांडगा माणसाच्या नरड्याला चावतो असा भयंकर प्रसंग होता. मी खुर्चीत मागे सरकलो. मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, "अरे, कुत्रा आहे हा, खेळून राहिला. याला कॉलरमध्ये काहीतरी खायचं ठेवलंय. किती खूष आहे बघ बिचारा!" त्या सिनेमाचा शेवट काय झाला ते त्यांना कधी सांगता आलं नाही. "माणसं मरतात बहुतेक सगळी. कुत्रा वाचतो," एवढंच त्यांच्या लक्षात.

कुणाला वाटेल की मावशी फार हळव्या असतील. तसं मुळीच नव्हतं. डब्यात झणझणीत रस्सा आणून त्या चवीने चिकन खायच्या. आमच्याकडे संकलनाचं काम करणारी तन्वी इथेच जन्मलेली, चोवीस वर्षांची, दूधसुद्धा न पिणारी. ती एकदा म्हणाली, "मावशी, यू ईट चिकन! हाऊ इज दॅट फेअर?" मावशींनी हाड बाजूला ठेवलं. "खाते ना. पण खायच्या आधी त्याला घाबरवून त्याचा फोटो नाही काढत." तन्वीला हे अर्धंच कळलं असावं. मी भाषांतर करून सांगितल्यावर ती "ओके, फेअर" म्हणून निघून गेली.

प्रत्येक सिनेमासाठी त्या वहीत चार रकाने आखायच्या. कितवं मिनिट, कुठलं जनावर, काय केलं, आणि पुढे त्याचं काय झालं. चौथ्या रकान्यात जवळपास नेहमी 'माहीत नाही' असं लिहिलेलं असायचं. मी म्हटलं, मावशी, तो रकाना काढून टाका ना, कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दवाखान्यातून पेशंटच काढून टाका म्हणालो. "कायद्याला नसेल. मला आहे. माहीत नाही तर माहीत नाही लिहायचं. ठीक असेल म्हणून सोडून नाही द्यायचं."

दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून हे सगळं ऐकत होतो. एखाद्या दृश्यात कासवाला उलटं टाकलेलं किंवा माकडाला जाळ्यात कोंबलेलं दिसलं की मावशी 'हलकट' म्हणायच्या, घाण पट्टी चिमट्याने उचलून टाकावी तशा थंड आवाजात, आणि मी जोराने म्हणायचो, "काय माणसं असतात हो, मावशी!" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची आठवण झाली की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. कारण ती माणसं कशी असतात हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यातलाच मी एक होतो.

आता जे लिहितो आहे ते मी लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी बाविशीत होतो, पुण्यात. कॉम्प्युटरचा कोर्स करण्याआधी सिनेमात जायचं खूळ डोक्यात होतं. ओळखीने एका मराठी भयपटात सहायकाचं काम मिळालं. भोरच्या पुढे एका बंद पडलेल्या डाकबंगल्यात शूटिंग होतं. माझ्याकडे कंटिन्युइटीची वही होती, म्हणजे कुठला प्रसंग कुठल्या दिवशी घेतला, नायिकेच्या कुठल्या हातात बांगड्या होत्या, अशा नोंदी ठेवायच्या. कथेत काळं मांजर होतं. आसपासच्या तिन्ही वाड्यांत काळं मांजर सापडेना. बंगल्याच्या मागे एक केशरी-पांढरं मांजर यायचं, आमच्या जेवणातलं उरलंसुरलं खायला. दिग्दर्शक म्हणाले, हेच रंगवा. बूटपॉलिश लावून पाहिलं, ते कपड्यांना लागत होतं. तेव्हा मीच डोकं चालवलं. गावातल्या दुकानातून केस काळे करायच्या पुड्या आणल्या.

मांजर पोत्यात धरून मी त्याला कालवलेला रंग फासला. अर्ध्या तासाने धुवा, असं पुडीवर लिहिलेलं होतं. मांजराला अर्धा तास धरणार कोण आणि धुणार कोण? धुतलं नाही. खिडक्यांना काळे कागद लावून भर दुपारी रात्र केलेली होती. झोपलेल्या नायिकेच्या अंगावर खिडकीतून मांजर झेप घेतं असा प्रसंग. झेप ते कसलं घेतंय? मी बाहेर स्टुलावर उभा राहून त्याला फेकत होतो. सहा वेळा. पाचव्या वेळी ते खाटेच्या लोखंडी कडेवर आपटलं. सिनेमासाठी तीच पाचवी फेक निवडली गेली. दिग्दर्शक माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाले, "डोकं आहे या पोरात." आणि मला आनंद झाला. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे, पण झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मांजर पाण्याच्या टाकीमागे पडलेलं दिसलं. अंग चाटून चाटून तोंड काळं झालेलं, लाळ गळत होती, अंग थरथरत होतं. तेवढ्यात मला कुणीतरी हाक मारली. मी गेलो. संध्याकाळी परत आलो तर तिथे काही नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. कोपऱ्यात गडी होता, स्वयंपाकी होता, कुणालाही विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. पुढे सेन्सॉरला द्यायच्या कागदांत मांजराचा एक कागद लागत होता. मांजराला मालक कुठला? निर्माते म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही. मी लिहिलं, 'वरील मांजर माझ्या मालकीचे असून चित्रीकरणात त्यास कोणतीही इजा झालेली नाही.' खाली पूर्ण नावाने सही केली. सिनेमा पडला. मी लाइन बदलली, अमेरिकेत आलो. तो सिनेमा मी कधीच पाहिला नाही.

गेल्या वर्षी भारतातून आमच्याकडे जुन्या भयपटांचा एक गठ्ठा आला. इथल्या तरुणांत तसल्या सिनेमांची हौस वाढली आहे. यादीत सातव्या क्रमांकावर ते नाव होतं. सोबत स्कॅन केलेली कागदपत्रं होती आणि ती माझ्याच हाताखालून जाणार होती. पाचव्या पानावर माझं अक्षर. माझी सही. मी ते पान फाइलमधून काढून टाकलं आणि उरलेली मावशींना पाठवली. या कामाला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मावशींनी सिनेमा पाहिला. मी शेजारी बसलो होतो आणि पडद्यावर मांजर आलं की कीबोर्डकडे बघत होतो. "मागे घे," त्या म्हणाल्या. मी न बघता मागे घेतलं. असं कितीदा झालं. शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "याच्या कागदांत पहिल्या पानावर लिहून आहे की एकूण पानं सात. मी मोजली तर सहा. मांजराचं पान काऊन नाही?"

"स्कॅन करताना राहिलं असेल."

"मागव नं मग."

"मागवतो."

त्यांना काही संशय आला नव्हता, हेच वाईट होतं. रोज सकाळी बूट बदलता बदलता त्या सहज विचारायच्या, "आलं का रे पान?" आणि मी "उद्या येईल" म्हणायचो. नोकरीची भीती होतीच. पण खरी भीती ही होती की मावशी त्या लोकांबद्दल बोलताना जो आवाज काढायच्या, तो आता माझ्याशी बोलताना निघेल.

शनिवारी आम्ही एडिसनला ओक ट्री रोडवर देशी सामान आणायला गेलो होतो. बायको कढीपत्ता निवडत होती आणि मी पलीकडच्या फळीसमोर उभा राहिलो. तिथे केस काळे करायच्या पुड्या ओळीने लावलेल्या होत्या. बायको मागून आली. "अहो, हे काय नवीन? पिकलेत ते शोभतात तुम्हाला." मी हसलो. गाडीपाशी आल्यावर बरं वाटत नाही म्हणून किल्ली तिच्या हातात दिली. "शुगर तपासून घ्या एकदा," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी मी छापलेलं ते पान घेऊन जेवायच्या खोलीत गेलो. मावशी एकट्याच डबा उघडत होत्या. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं. "मावशी, हे राहिलं नव्हतं. मी काढलं होतं. ही सही माझी आहे."

त्यांनी पान वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग मी सगळं सांगितलं, पुड्यांपासून टाकीपर्यंत. मला वाटलं त्या ओरडतील, किंवा उठून जातील. त्यांनी दोन्हींपैकी काही केलं नाही. बैल घेऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी मला विचारायला सुरुवात केली.

"पुडी कशात कालवली? नुसत्या पाण्यात?"

"हो."

"चेहऱ्याला लावलं?"

"लावलं. डोळ्यांच्या जवळ नाही लावलं. झोंबेल म्हणून."

"तेवढी तरी अक्कल होती. तोंड सुजलं होतं का? श्वास घेताना आवाज?"

"आवाज नव्हता. लाळ खूप होती."

"मग मेलेलं पाहिलंस कधी?"

"पाहिलं नाही. पण दुसरं काय होणार, मावशी? मी नंतर वाचलं. तो रंग विषारी असतो मांजराला."

"विषारी असतो. खूपशी मरतात. मी ते नाही विचारून राहिले. तू मेलेलं पाहिलंस का?"

"नाही."

"मग पंचवीस वर्षं काऊन मेलं म्हणून राहिलास? माहीत नाही म्हण." त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. "एकोणिसावं मिनिट. बाई अंगणात धुणं वाळत घालते. मागे छपरावर काळं मांजर. मी लिहिलंय, ठीक, काही केलेलं नाही. मला वाटलं, खिडकीच्या प्रसंगाआधीचं आहे, म्हणजे तेव्हा ते धडधाकट असणारच. हे धुण्याचं शूटिंग केव्हाचं?"

सिनेमात धुण्याचा प्रसंग आधी येतो आणि मांजराची झेप खूप नंतर. पण सिनेमा काही गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. आणि त्या सिनेमाचा क्रम जगात कुणाला पाठ असेल तर तो मला, कारण वही माझ्याकडे होती. "नायिकेचे डोळे आले होते," मी म्हणालो. "तिचे उजेडातले सगळे प्रसंग मागे ठेवले होते. धुण्याचा प्रसंग शेवटच्या दिवशी घेतला."

"मांजर फेकल्यावर किती दिवसांनी?"

"आठ."

मावशी डबा तसाच उघडा टाकून उठल्या. मी त्यांच्या मागे. मशीनवर एकोणिसावं मिनिट लावलं, चित्र मोठं केलं. नायिका दोरीवर साडी टाकते आहे. तिच्या खांद्याच्या वर, स्वयंपाकघराच्या कौलांवर, एक काळं मांजर कुशीवर पसरलं आहे, पोट उन्हाला उघडं टाकून. मावशी म्हणाल्या, "पोटात दुखणारं असं नाही झोपत." मग साडी झटकल्याच्या आवाजाने असेल, त्याने मान वर केली. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. चष्मा लावावा तशी. ती जागा मीच सोडलेली होती.

ते उठलं, पाठ ताणली आणि कौलांवरून चालत चौकटीबाहेर निघून गेलं.

"लंगडत नाही," मावशी म्हणाल्या. "आपटलं होतं ना? बघ, चारही पाय सरळ टाकतंय."

मी ते नऊ वेळा बघितलं. नंतर मला काही दिसेना, कारण मी रडत होतो. पन्नाशीला आलेला माणूस, ऑफिसात, दुपारी एक वाजता, हुंदके देऊन. तन्वी धावत आली. "ओ माय गॉड, काका! डिड समबडी डाय?"

"नो, नो," मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "समबडी नॉट डाय." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मीही रडता रडता हसायला लागलो. तन्वी आमच्या दोघांकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली.

मला वाटलं होतं, आता संपलं. मावशींनी वहीतल्या चौथ्या रकान्यातल्या 'माहीत नाही' वर रेघ मारली आणि 'आठ दिवसांनी ठीक' असं लिहिलं. मग म्हणाल्या, "आता खिडकीचा प्रसंग लाव. अकरा सेकंद आहेत. कुठून कुठवर कापायचं ते तू सांग."

"पण मावशी, वाचलं ना ते?"

"वाचलं ते त्याच्या नशिबानं. कायद्यात मेलं पाहिजे असं कुठे आहे? वेदना किंवा दहशत, असं लिहून आहे. दहशत आहे की नाही ते बघ. आवाज बंद कर आणि कानाकडे बघ."

मी पहिल्यांदाच बघितलं. कान डोक्याला चिकटलेले. डोळ्यांत बुबुळाशिवाय काही नाही. हवेत चारही पंजे फाकलेले, कशाला तरी धरायला. चौकटीच्या कडेला, अर्ध्या सेकंदापुरता, एक हात दिसतो. माझा आहे. मी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा सांगितला. मावशींनी लिहून घेतला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. तो आवाज त्यांनी काढला नाही. मी वाट बघत होतो, पण नाही काढला.

त्यांच्या सांगण्यावरून मी एक पानभर निवेदन लिहिलं, काढलेल्या पानासकट फाइल पुन्हा लावली आणि केव्हिनच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचून विचारलं, "यू ओन्ड द कॅट?"

"नो. आय साइन्ड दॅट आय ओन्ड इट."

कागद काढून टाकल्याबद्दल त्यांनी मला लेखी ताकीद दिली. ती योग्यच होती, आणि खरं सांगायचं तर ती हातात पडल्यावर मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या पुड्यांसमोर शुगर नव्हती तर." मग बराच वेळ माझा हात धरून बसली.

सिनेमा अकरा सेकंदांनी लहान होऊन ब्रिटनला गेला. आम्ही इथेही तीच प्रत ठेवली. इथे कापायची सक्ती नव्हती, पण मीच विनंती केली आणि केव्हिन हो म्हणाले. काही कापलंय असं आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

या उन्हाळ्यात मावशींच्या लेकीला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात नोकरी लागली. लेक, जावई आणि नातू आधीच पुढे गेले होते. मावशी आणि त्यांची लोणच्याची बरणी, झाडांच्या कुंड्या, पुस्तकं, एवढं मी माझ्या गाडीने पोचवायला निघालो. चार तासांचा रस्ता. डोंगर सुरू झाल्यावर मी इतके महिने मनात ठेवलेलं विचारलं.

"मावशी, त्या छपरावर मांजर नसतं तर?"

"नसतं तर काय?"

"तर तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"पान परत लाव म्हणाले असते. अकरा सेकंद काप म्हणाले असते."

"आणि?"

"आणि काय? तेवढंच तर करता येतं. तू ते आधीच करायला आला होतास नं, पान घेऊन? तेव्हा तुला कुठे ठाऊक होतं छपरावरचं." मग म्हणाल्या, "रडला असतास जास्त दिवस. ते झालं असतं. पण मी काही उठून दुसऱ्या टेबलावर नसते बसले, बाप्पा. असं वाटलं होतं का तुला?"

"हो."

"खुळाच आहेस."

थोड्या वेळाने त्या खिडकीला डोकं टेकवून झोपल्या. त्यांना लेकीच्या दारात उतरवलं, कुंड्या गॅलरीत मांडून दिल्या, नातवाने "थँक यू, काका" म्हटलं. मावशी म्हणाल्या, "जा आता, उजेडात पोच." परतीच्या रस्त्यावर मी तो डाकबंगला मनात आणला. दुकान, पोतं, स्टूल, सहा फेकी, टाकी, कागद, सही. इतकी वर्षं ते आठवायला लागलं की मी मध्येच रेडिओ लावायचो, कुणाला तरी फोन करायचो, काहीही करायचो. या वेळी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. कुठेच पुढे सरकवावं लागलं नाही. घरी पोचलो तेव्हा ऊन अजून शाबूत होतं.